घरचा गडी

धोंडूमास्तरांकडे हुतूतू शिकायला पोरं कुठून कुठून येत. आचऱ्याकडून येत, तळाशिलातून वाळू तुडवत येत, खाडीपलीकडची पोरं तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून येत. मास्तर लोकलबोर्डाच्या शाळेत शिकवायचे. शाळा सुटली की अंगातला कोट खुंटीला टांगून, गळ्यात शिट्टी घालून ते सुरूच्या झाडांमागच्या मैदानावर जायचे, ते पार दिवेलागणीला परतायचे. तोंडवली गावाला नाव मिळालं ते या मैदानामुळे, आणि मैदानाला मिळालं ते मास्तरांमुळे, असं तालुक्यात सगळेच म्हणत.

त्या पोरांना जेवू कोण घालत होतं, हे मात्र कोणी विचारत नसे. ती जानकी.

जानकी कांदळगावची. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, मास्तराच्या घरी माणसं दोन, काम बेताचं. पण पहिल्याच दिवाळीनंतर ओटीवर पोरांची रांग बसली, आणि मग ती कधी उठलीच नाही. सकाळी भलंमोठं मडकं भरून उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर खारातली कैरी. कोणाचा गुडघा सुजला की मिठाच्या पाण्याचा शेक, कोणाचा पाय मुरगळला की कोमट खोबरेल. सामने जवळ आले की लांबची पोरं ओटीवरच झोपत. त्यांच्या मातीने माखलेल्या चड्ड्या जानकी विहिरीवर धोपटायची. शेजारची मथुरा म्हणायची, "जानकी, तुजा घर म्हणजे खानावळ झाला गो." जानकी हसायची. मुलं खातात ते तिला आवडायचं. त्यांच्यातलाच एक तिचा होता.

गणपत हा मास्तरांचा आणि जानकीचा एकुलता एक. त्याच्या मागची दोन जगली नाहीत. चालायला लागल्यापासून तो मैदानावर. बापाच्या शिट्टीवर तो जेवायचा, उठायचा, झोपायचा. घरातसुद्धा मास्तर त्याच्याशी इतर पोरांशी बोलत तसंच बोलत, कमी आणि मोजकं. पण पोरगं वाईट वाटून घेणारं नव्हतं. संध्याकाळी येऊन चुलीपाशी बसायचा आणि आईला सगळं सांगायचा. कोण बाद झाला, कोणी कोणाला पकडलं, कोणाचा दम मध्यरेषेवर सुटला.

"आये, एकदा तरी बगूक ये," म्हणायचा.

"बायल माणसा थंय येतत काय रे?"

"मथुराकाकी येता. जत्रेच्या सामन्याक इली होती."

"तिच्या घरात खाणारी तोंडा दोन. माज्या घरात बग किती ती. फुडच्या वर्सा येतंय."

पुढचं वर्ष आलं की पुन्हा पुढचं वर्ष. सामने म्हणजे घरात माणसं, आणि माणसं म्हणजे चूल. जानकीने वीस वर्षं खेळाडू पोसले, पण हुतूतूचा एक सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता. हुतूतूचा तो घुमल्यासारखा आवाज माडांतून तिच्या स्वयंपाकघरात यायचा, तेवढाच.

त्या पोरांत तळाशिलचा भिकाजी होता. बाप समुद्रावर गेलेला परत आला नव्हता, आई जाळी विणायची. भिकाजी लहानपणापासून जानकीच्या हातची पेज खाऊन वाढला. गणपताच्याच वयाचा. दोघं एका पानात जेवत, एका चटईवर झोपत. मुलगे किती, असं कोणी विचारलं तर जानकी म्हणायची, "माजे झील दोन."

ज्या साली मास्तरांच्या संघाने रत्नागिरीला जाऊन जिल्हा जिंकला, ते साल छप्पन. तेव्हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मालवणहून बोटीने जायचं. संघात एक जागा उरली होती, आणि त्या जागेला गडी दोन, गणपत आणि भिकाजी. गणपताने तयारी केली होती. जानकीने त्याच्यासाठी चिवडा करून डबा भरला होता, आणि तसाच दुसरा डबा भिकाजीसाठी. तिला वाटत होतं दोघं जातील. जागा एकच आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी मैदानावर सगळ्यांसमोर नाव घेतलं ते भिकाजीचं.

गणपत घरी आला. आपला डबा उचलून भिकाजीच्या पिशवीत ठेवला आणि आईला म्हणाला, "ह्यो पण तेकाच ऱ्हवांदे. बोटीवर भूक लागता." मग तो विहिरीवर गेला आणि बराच वेळ पाणी ओढत राहिला. घरातली सगळी भांडी भरली, माडांची आळी भरली, मथुरेच्या घरचीही भरली.

रात्री जानकीने मास्तरांना विचारलं नाही. मैदानावरचं घरात विचारायचं नाही अशी त्यांच्या घरातली रीत होती. ती कोणी घातली हे तिला आठवत नव्हतं, पण ती पाळत होती.

संघ जिंकून आला. शेवटच्या सामन्यात भिकाजीची चढाई निर्णायक ठरली म्हणे. मालवणच्या बंदरावर हार पडले, गावात वाजंत्री लागली. संध्याकाळी सगळी पोरं मास्तरांच्या अंगणात जेवायला बसली. जानकीने कोंबडीची सागोती केली, वडे तळले. वाढायला गणपत. कंबरेला पंचा गुंडाळून तो पानापानाशी वाकत होता. "घे रे, आजून एक घे, लाजतस कित्याक?" भिकाजीच्या पानाशी आला तेव्हा भिकाजीने हात आडवा धरला. गणपताने तो बाजूला सारला आणि दोन वडे वाढले. जानकी दारातून बघत होती. पोराचा चेहरा हसरा होता. तो तसा हसरा असायला नको होता असं तिला वाटलं, आणि ती आत वळून उगाच चुलीतली लाकडं सारू लागली.

त्या दिवसापासून मास्तरांचं नाव आणखी वाढलं. पोटचा पोरगा बाहेर ठेवला, गरिबाच्या पोराला घेतलं आणि जिंकून दाखवलं. बाजारात लोक त्यांना बघून उठून उभे राहत.

महिना-दीड महिन्याने गणपत आईपाशी आला. ती तांदूळ पाखडत होती. "आये, माका मामाकडे मुंबैक जावचा आसा."

"कित्याक? शाळा पुरी कर."

"शाळेत मन लागणा नाय."

"आणि खेळ?"

तो सुपातलं कोंड्याचं टरफल बोटाने उचलत म्हणाला, "मी तितको बरो खेळणंय नाय, आये. बाबांका कळता. तेंच्यासारख्या कोणाक कळता?"

 जानकीने त्याला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. तू बरा खेळतोस असं ती कशाच्या जोरावर सांगणार? तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांदूळ पाखडत राहिली.

तो मुंबईला गेला. आधी गोदीत लागला, मग मामाच्या ओळखीने बोटीवर खलाशी झाला. दोनदा सुट्टीवर आला तेव्हा आईला नायलॉनचं पातळ आणि बापाला घड्याळ घेऊन आला. मैदानाकडे गेला नाही. बापलेक ओटीवर बसून पावसापाण्याचं बोलत. भिकाजीही तोवर मुंबईला गेला होता. रत्नागिरीच्या त्या चढाईमुळे त्याला पोलिसात भरती मिळाली होती, आणि पोलिसांच्या संघातून तो आता मोठमोठ्या सामन्यांत खेळत होता.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात भर दुपारी जानकीचा भाऊ मुंबईहून न कळवता आला. अंगणात पायांत वहाणा तशाच ठेवून उभा राहिला. जानकी म्हणाली, "रे, आत ये, उन्हात कित्याक उबो?" तो आत येईना. तेव्हा तिला कळलं. कुठल्याशा परक्या बंदरात माल उतरवताना गणपत बोटीच्या तळात पडला होता. तिथेच त्याचं सगळं करून टाकलं होतं. इकडे आली ती फक्त त्याची ट्रंक.

मथुरा मास्तरांना बोलवायला धावली. मास्तर आले ते गळ्यातल्या शिट्टीसकट. ओटीच्या पायरीवर बसले. शिट्टी काढून हातात धरली, मग खिशात ठेवली, मग पुन्हा हातात घेतली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. बारावं-तेरावं झालं आणि ते परत मैदानावर गेले. पोरं परत ओटीवर बसली. जानकीने परत पेज चुलीवर चढवली. ती पोरांच्या पानांत वाढायची आणि कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही.

पासष्टच्या थंडीत मालवणला सत्काराचं निघालं. तालुक्यातल्या सगळ्या क्रीडामंडळांनी मिळून जुन्या खेळाडूंचा आणि त्यांना घडवणाऱ्या शिक्षकांचा सन्मान करायचं ठरवलं होतं. धोंडूमास्तर पहिल्या मानाचे. सोबत सौभाग्यवतींनीही यावं, असा निरोप घेऊन मंडळाचा माणूस घरी आला. जानकी नको म्हणत होती. मथुरा म्हणाली, "जा गो, मी येतंय वांगडा." मग ती नायलॉनचं पातळ नेसली. आजवर ते घडीतच होतं.

मैदानात मांडव घातला होता. बायकांना एका बाजूला बाकं. कार्यक्रमाआधी दोन संघांचा प्रदर्शनी सामना होता, तो सुरू झाला आणि जानकी आयुष्यात पहिल्यांदा हुतूतू बघू लागली.

आधी तिला काही कळेना. मथुरा समजावून सांगत होती, हा या बाजूचा, तो त्या बाजूचा, आता याला पकडतील. मग हळूहळू तिला दिसायला लागलं. एक पोरगा एकटाच पलीकडे जातो. तिथे सगळे त्याच्यावर टपलेले. त्याच्यापाशी फक्त त्याचा एक श्वास, आणि तो संपायच्या आत त्याला परत यायचं. तो घुमणारा आवाज तिने माडांतून इतकी वर्षं ऐकला होता. तो कोणाच्या तरी छातीतून निघतो, हे ती आज बघत होती. एका पोराला चौघांनी धरून दाबलं, त्याचा आवाज बारीक बारीक होत तुटला आणि जानकीने पदराचा बोळा तोंडात धरला.

"काय गो?" मथुरेने विचारलं.

"काय नाय."

सामना संपल्यावर भिकाजी आला. तो खास मुंबईहून आला होता, त्याचाही सत्कार होता. अंग भरलं होतं, मिशा ठेवल्या होत्या. त्याने जानकीच्या पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचललं नाही. मग तिच्या बाकाशेजारी खाली जमिनीवरच बसला.

"काकी, गणपताक तुमी कदी खेळताना बगलास?"

तिने मान हलवली. नाही.

"कदीच नाय?"

"चूल होती ना रे बाबा."

भिकाजी जरा जवळ सरकला. मग खालच्या आवाजात सांगू लागला. "तो घाई करी नाय. आमी सगळे धडपडू, तो सावकाश जाय. समोरच्याक वाटी, ह्यो आता परततलो, आणि तेवड्यात हेचो पाय लागलेलो आसा. दम तर असो की आमकाच भीती वाटी. मी पोलिसात इतके खेळगडी बगलंय, काकी. तसो दुसरो खंय बगूक नाय."

जानकी ऐकत होती.

"रत्नागिरीक तोच जावक व्हयो होतो. माका ठावक होता, सगळ्या पोरांका ठावक होता." त्याने मास्तर बसले होते तिकडे पाहिलं. "मास्तरांका पण."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव पुकारलं गेलं. तो डोळे पुसत उठला आणि गेला.

मास्तरांची पाळी मानाची म्हणून शेवटी होती. अध्यक्ष म्हणून शहरातून एक वजनदार गृहस्थ आले होते, बोलायला गोड. त्यांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि मग म्हणाले, "मंडळी, धोंडूमास्तर काय चीज आहेत, हे मी एकाच प्रसंगातून सांगतो." आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. एक जागा, दोन गडी. एक पोटचा मुलगा आणि एक विधवेचा. त्यांनी ती चांगली रंगवली. मास्तरांच्या मनात काय चाललं असेल तेसुद्धा सांगितलं. तो मुलगा पुढे वारला हे त्यांना कोणी सांगितलं नसावं, किंवा गोष्टीत ते बसत नसावं. शेवटी मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर खुर्चीत मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

"आणि या माउलींना वर बोलवा," अध्यक्ष म्हणाले. "मुलाला बाहेर ठेवलं तेव्हा यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. धन्य ती आई."

मथुरेने ढकललं तेव्हा जानकी उठली. पायऱ्या चढून वर गेली. कोणीतरी खण-नारळाने तिची ओटी भरली. अध्यक्ष कौतुकाने तिच्याकडे वाकून म्हणाले, "खरं ना, वहिनी? एका शब्दाने बोलला नाहीत?"

जानकी सहज बोलावं तसं म्हणाली, "माका कोणी इचारूकच नाय."

समोरच्या ध्वनिक्षेपकाने ते शब्द उचलले आणि मांडवभर नेले. सगळा मांडव हसला. म्हातारी मोठी गमतीदार आहे, असं लोकांना वाटलं. अध्यक्षही मनापासून हसले, टाळ्या वाजवू लागले. जानकी तिथे उभी होती, ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून, हसणारी तोंडं बघत. फक्त खाली उभा असलेला भिकाजी हसत नव्हता. आणि मास्तर.

परतताना सर्जेकोटला, खाडीच्या अलीकडच्या काठाला, तरीची होडी लागायला उशीर होता. मथुरा तिच्या बहिणीकडे राहिली. दोघं नवराबायको खाडीच्या काठी वाळूत बसली. ऊन उतरलं होतं, ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं. मास्तरांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली होती.

"भिकाजी काय सांगी होतो?" त्यांनी विचारलं.

"गणपत बरो खेळी म्हणान."

मास्तर पाण्याकडे बघत राहिले. "बरो खेळी," ते म्हणाले. "माज्या हाताखालसून गेलेल्यांत तोच बरो."

"मगे?"

होडी पलीकडच्या काठावरून सुटली होती, वल्हं मारणाऱ्याची पाठ दिसत होती. ती निम्म्या खाडीत आली तेव्हा मास्तर बोलले.

"आदल्या वर्सा आचऱ्याच्या तिठ्यार कोणीतरी बोललो, मास्तर आपल्या झिलाक फुडे काडता. माज्या पाठीमागे बोललो, पण माका ऐकाक इला. ता माज्या मनातसून जायना. मी भियालंय, जानकी."

बायकोला त्यांनी नावाने हाक मारली ती लग्नानंतर पहिल्यांदाच असावी.

ती म्हणाली, "नाय घेतलास तर नाय घेतलास. पण एकदा तेका सांगूचा होता."

"काय?"

"तो बरो खेळता म्हणान. तो जाताना माका सांगान गेलो, मी तितको बरो नाय, बाबांका कळता. तसोच गेलो तो."

मास्तरांनी तोंडावर शाल दाबली. होडी काठाला लागली, तरीवाल्याने हाक मारली, पण त्यांना उठता येईना. जानकीने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि तरीत बसवलं.  तिला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं कुठलं आधी आलं हे तिला सांगता आलं नसतं.

त्यानंतर मास्तर मैदानावर गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. मंडळाने दुसरा माणूस नेमला, ओटीवरची रांग हळूहळू विरली. घर मोकळं झालं. दोघांना बोलायला काही उरलं नव्हतं, आणि त्या मोकळ्या घरात एका संध्याकाळी जानकीने चुलीपाशी बसून विचारलं, "पयलो सामनो तो खंय खेळलो?"

मास्तरांनी सांगितलं. कुठे, कोणाशी, कुठली चढाई, कुठली पकड. त्यांना सगळं आठवत होतं. इतक्या वर्षांत पोरावरची नजर त्यांनी एकदाही हलवली नव्हती, हे तिला तेव्हा समजलं. दुसऱ्या संध्याकाळी तिने पुढचा सामना विचारला. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या पुढचा. ती भाजी चिरायची, मासे साफ करायची, आणि मास्तर भिंतीला टेकून सांगायचे. हाताने जमिनीवर रेघा ओढून दाखवायचे. आता ती कुठे काय झालं हे मनात बघू शकत होती.

पण गणपत खेळला होताच किती? गोष्टी संपल्या. मग मास्तर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ती तेही ऐकत राहिली.

मास्तर आजारी पडून अंथरुणाला खिळले, त्या वर्षी त्यांनी एका संध्याकाळी रत्नागिरीचा सामना सांगायला घेतला. शेवटची चढाई, गुण बरोबरीत, समोर तगडे गडी. "आणि मगे गणपत उठलो," मास्तर म्हणाले. "सावकाश गेलो. घाई करूक नाय." त्यांचे डोळे वर आढ्याकडे लागले होते. गणपत रत्नागिरीला नव्हता, हे जानकीला ठाऊक होतं. तो त्या वेळी इथे घरीच होता, तिने स्वतः पाहिलं होतं. तिने मास्तरांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मगे?" तिने विचारलं.

अडुसष्टच्या दिवाळीनंतर मास्तर गेले. शोकसभेच्या आधी मंडळाचे दोघं जण घरी आले. मास्तरांविषयी काही सांगा, भाषणात घालू म्हणाले. जानकीने त्यांना पाणी दिलं, बसवलं. म्हणाली, "बऱ्याच पोरांका तेंनी शिकवल्यानी. ता सांगा. गणपताची गोष्ट तेवडी सांगू नकात."

ते हो म्हणाले.

सभेला ती गेली नाही. मथुरा जाऊन आली आणि तिन्हीसांजेला मागच्या दाराने येऊन पायरीवर बसली. जानकीने तिच्याकडे पाहिलं.

"सांगल्यानी गो," मथुरा म्हणाली. "लोकांनी टाळये मारल्यानी."

जानकीने मान हलवली. मग ती उठली आणि आपल्या एकटीपुरते तांदूळ धुवायला घेतले.